पहिल्या रांगेतले पाटील

अमेरिकेतल्या रात्रीच्या विनोदी गप्पांच्या कार्यक्रमाची पहिली गंमत ही की तो रात्री होतच नाही. भर उन्हातून प्रेक्षकांना आत घेतात, दारं लावतात, मागच्या पडद्यावर रात्रीचं शहर लुकलुकवतात आणि टेबलामागे सूट घालून बसलेला गृहस्थ तासाभरानं 'शुभ रात्री' म्हणून उठतो. बाहेर तेव्हा लोक ऑफिसातून घरी निघालेले असतात. हा रात्रीचा माल मग अकरा पस्तीसला देशाला दाखवतात. आपल्याकडे तेव्हा सकाळचे नऊ वाजून गेलेले असतात. दूधवाला, पेपरवाला, कचरागाडी, सगळे येऊन गेलेले. जगातला सगळ्यात प्रसिद्ध रात्रीचा विनोद आपण दात घासून, आंघोळ करून, शुचिर्भूत होऊन ऐकतो.

त्यातही जिमी किमेलच्या कार्यक्रमाचं नाव 'जिमी किमेल लाइव्ह!'. उद्गारचिन्हासकट. २००३ साली सुरू झाला तेव्हा तो खरोखरच थेट दाखवत. थेट प्रक्षेपण आणि तोंडाळ माणूस या दोन गोष्टी एकत्र परवडत नाहीत हे वाहिनीच्या लवकरच लक्षात आलं आणि पुढच्या वर्षापासून ध्वनिचित्रमुद्रण सुरू झालं. नावातलं 'लाइव्ह' तेवढं राहिलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

तर २०२५च्या २४ सप्टेंबरला, बुधवारी, नवरात्राचा निळा रंग होता. बसस्टॉपवर निळं, बँकेत निळं, शाळेच्या फाटकापाशी निळं. आमच्याकडे उपासाची खिचडी आणि ताटाशेजारी फोन टेकवून किमेल. जेमतेम आठवडाभर त्याला सक्तीनं घरी बसवलं होतं आणि त्या दिवशी तो परतला होता. एरवी मी असले कार्यक्रम चार-पाच मिनिटांच्या तुकड्यांत बघतो, जसं सगळं जग बघतं. हा मात्र जवळजवळ अर्ध्या तासाचा एकपात्री प्रयोग होता आणि मी तो न थांबता पाहिला. खिचडी गार झाली.

कशामुळे घरी बसवलं, ते थोडक्यात. उजव्या गोटातला तरुण नेता चार्ली कर्क याची १० सप्टेंबरला युटा राज्यातल्या एका विद्यापीठात भर सभेत गोळी घालून हत्या झाली. पाच दिवसांनी किमेल म्हणाला की मारेकरी आपल्यातला नाही हे दाखवायला ट्रम्प यांच्या पाठीराख्यांचा आटापिटा चाललाय. मारेकऱ्याबद्दल पुरतं काही कळलेलं नसताना, सुतकाच्या दिवसांत केलेलं विधान. शिवाय त्यात विनोदही नव्हता. मला विचाराल तर विनोदवीराविरुद्ध खरी तक्रार तीच असायला हवी होती.

पण तक्रार भलतीकडून आली. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाचे अध्यक्ष ब्रेंडन कार १७ तारखेला एका पॉडकास्टवर म्हणाले की हे काम सोप्या मार्गानं होईल किंवा अवघड मार्गानं. ही भाषा आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात वापरतात. आता, किमेलचा कार्यक्रम दाखवणारी एबीसी ही वाहिनी तिकडे घरोघरी पोचते ती गावोगावच्या स्थानिक केंद्रांमार्फत. त्यातली थोडी केंद्रं तिची स्वतःची, बाकीची दुसऱ्यांच्या मालकीची. त्या दुसऱ्यांतली एक बडी कंपनी नेक्सस्टार. तिला टेग्ना नावाची आणखी एक कंपनी सहा अब्ज वीस कोटी डॉलरना विकत घ्यायची होती. परवानगी कोण देणार होतं? तोच आयोग. अध्यक्ष दिवसा बोलले, नेक्सस्टारला संध्याकाळपर्यंत नीतिमत्तेचा साक्षात्कार झाला, किमेल आमच्या केंद्रांवर दिसणार नाही असं तिनं जाहीर केलं. पाठोपाठ सिंक्लेअर ही दुसरी बडी कंपनी. आणि एबीसीची मालकीण डिस्नी हिनं कार्यक्रम 'अनिश्चित काळासाठी' थांबवला. हा अनिश्चित काळ सोमवारी संपला. सोमवारी का? कारण तोवर डिस्नीच्या ओटीटीची वर्गणी बंद करणाऱ्यांचे निषेध सुरू झाले होते. विवेकबुद्धी आणि हिशेबवही एकाच कपाटात ठेवली की असं होतं.

आता तो परतीचा भाग. किमेल पडद्याआडून आला आणि सगळे उभे राहिले. टाळ्या थांबेनात. तो हातानं खाली बसवतोय, ते बसत नाहीत. शेवटी तो म्हणाला की गेले अठ्ठेचाळीस तास कोणाचे जास्त विचित्र गेले, माझे की टायलेनॉलच्या मुख्याधिकाऱ्याचे, काही सांगता येत नाही. (आदल्या दिवशी ट्रम्प यांनी गरोदर बायकांनी टायलेनॉल घेऊ नये, असा वैद्यकीय सल्ला देऊन टाकला होता. टायलेनॉल म्हणजे आपलं पॅरासिटामॉल.) मग मूळ मुद्द्यावर येताना त्याचा आवाज दाटला. एका तरुणाच्या खुनाची थट्टा करायचा माझा हेतू नव्हता, हे त्यानं सांगितलं, आणि कर्कच्या पत्नीनं मारेकऱ्याला जाहीरपणे क्षमा केली त्याबद्दल तो जे बोलला ते खरोखर मनापासूनचं वाटलं. ज्यांना माझा कार्यक्रम आवडत नाही तेही माझ्या बाजूनं बोलले, असं म्हणून त्यानं टेड क्रूझसारख्या कट्टर विरोधकांचे नाव घेऊन आभार मानले. क्रूझ यांचे आभार मानायची वेळ किमेलवर यावी, हा त्या संध्याकाळचा पहिला अस्सल विनोद.

दुसरा त्याहून सरस. चेहरा गंभीर करून तो म्हणाला, डिस्नीनं मला एक निवेदन वाचून दाखवायला सांगितलंय आणि ते वाचायचं मी कबूल केलंय. सभागृह चिडीचूप. आता माफीनामा येणार. त्यानं कागद वाचायला सुरुवात केली, तर ती होती डिस्नी आणि हुलूची बंद केलेली वर्गणी पुन्हा कशी चालू करायची याची कृती. टीव्हीवर अॅप उघडा, वगैरे. मालकाची टर मालकाच्याच पैशानं, मालकाच्याच पडद्यावर, आणि तीही मालकाचा फायदा होईल अशी! आणि योगायोग बघा, त्याच दिवशी डिस्नीनं ओटीटीचे दर वाढवल्याचं जाहीर केलं होतं. अभिव्यक्ती मोकळी झाली, वर्गणी महागली.

मग रॉबर्ट डी नीरो. दूरसंचार आयोगाचा नवा अध्यक्ष म्हणून, गुंडाच्या थाटात, पडद्यावर. बोलण्याचं स्वातंत्र्य आता फुकट नाही, शब्दाला इतके पडतील, असा त्याचा दर. प्रहसन ठीकठाक होतं. खऱ्या अध्यक्षांचं पॉडकास्टवरचं काम जास्त सहज झालं होतं, आणि डी नीरो अभिनयात कमी पडल्याची उदाहरणं फार नाहीत.

एवढं रामायण झाल्यावर पाहुणा आला. ग्लेन पॉवेल, आपल्या नव्या मालिकेची जाहिरात करायला. मालिका हुलूची, हुलू डिस्नीचं. घटना, स्वातंत्र्य, अश्रू, सगळं एका बाजूला. पाहुण्याचा माल खपला पाहिजे. या कार्यक्रमांची हीच गोष्ट मला मनापासून आवडते. आकाश कोसळलं तरी सोफा रिकामा राहत नाही.

हा सगळा डोलारा उभा कसा करतात ते मला माझ्या भाच्यानं सांगितलं. तो न्यू जर्सीत असतो. मागे एकदा त्यानं स्टीफन कोल्बेअरच्या 'लेट शो'ची तिकिटं मिळवली. (फुकट होती, म्हणून मिळवली.) ब्रॉडवेवरचं एड सलिव्हन थिएटर, १९६४ साली बीटल्स अमेरिकेला टीव्हीवर पहिल्यांदा थेट दिसले ते याच रंगमंचावरून. "मामा, तिकीट म्हणजे जागेची हमी नाही, नुसती रांगेची हमी," भाचा म्हणाला. तास-दीड तास रांग. आत गेल्यावर हुडहुडी. कोल्बेअरच्या आधीचा डेव्हिड लेटरमन हे नाट्यगृह बारा-तेरा अंशांवर ठेवायचा आणि ती रीत पुढेही राहिली. कारण साधं आहे. उबेत माणूस पेंगतो, आणि पेंगणारा माणूस हसत नाही. मग मुख्य विनोदवीर येण्याआधी दुसराच एक विनोदवीर येतो आणि हसण्याची तालीम घेतो. टाळ्या कुठे, आरोळी कुठे, जाहिरातीच्या सुट्टीनंतर उत्साह कसा पूर्ववत आणायचा, सगळं शिकवतो. बँड इतका जोरात की शेजारच्याशी बोलता येत नाही. "मामा, एवढ्या टाळ्या मी गणपतीच्या आरतीलाही वाजवल्या नव्हत्या. तळहात लाल." मी विचारलं, विनोद कसे होते? तो थोडा थांबला. म्हणाला, "ते घरी येऊन यूट्यूबवर बघितल्यावर कळलं."

पाहुण्याला 'सहज आठवलेला' किस्साही असाच. कार्यक्रमाचा एक माणूस पाहुण्याशी आधी फोनवर तासभर बोलतो, त्यातला जमलेला किस्सा निवडतो, सूत्रसंचालकाच्या कार्डावर त्याची खूण लिहितो. मग टेबलामागून प्रश्न येतो: काय रे, परवा म्हणे तुझ्या कुत्र्यानं काहीतरी घोटाळा केला? पाहुणा दचकतो. अरेच्चा, तुला कसं कळलं! त्या दचकण्याचे त्याला पैसे मिळतात, किरकोळ का होईना.

मला यात लबाडी दिसत नाही. रोज रात्री, आठवड्याला चार-पाच वेळा, वर्षानुवर्षं उत्स्फूर्त व्हायचं असेल तर तयारी लागतेच. १९५४ साली एनबीसीवर स्टीव्ह अॅलननं 'टुनाइट'चा हा साचा घातला: टेबल, सोफा, बँड, चुरचुरीत चार गोष्टी, मग पाहुणे. जॉनी कार्सननं तो १९६२ ते १९९२ अशी तीस वर्षं चालवला आणि निरोपाच्या रात्री सुमारे पाच कोटी लोक त्याला बघायला बसले. सत्तर वर्षांत साचा हललेला नाही. हलली ती एकच गोष्ट. पूर्वी लोक हसायचे, आता टाळ्या वाजवतात. किमेलचा परतीचा भाग कान देऊन ऐका. हशा थोडा, टाळ्या उदंड. हसू माणसाच्या हातात नसतं, ते सुटतं. टाळी माणूस ठरवून वाजवतो, की बघा, माझं मत बरोबर आहे आणि या सूटवाल्यालाही ते पटलंय. बारा अंशांत बसवूनही ही ऊब जात नाही.

असो. मला बोलायचंय ते प्रेक्षकांतल्या एका खास माणसाबद्दल.

तमाशात बतावणी चालू असते तेव्हा सोंगाड्याचं अर्धं लक्ष पहिल्या रांगेतल्या पाटलांकडे असतं. तो पाटलांच्या फेट्यावर बोलतो, बोकडावर बोलतो, हळूच ग्रामपंचायतीच्या हिशेबावरही बोलतो. पाटील हसले तर बक्षिसी. पाटील उठले तर पुढच्या जत्रेची सुपारी गेली. मागच्या रांगांमध्ये निम्मे लोक शेंगा फोडत असतात, काही झोपलेले असतात. पाटलांवरचा विनोद डोळ्यांत तेल घालून ऐकणारा माणूस अख्ख्या गावात एकच, आणि तो म्हणजे पाटील.

डोनाल्ड ट्रम्प हे अमेरिकी रात्रीच्या विनोदाचे असे पहिल्या रांगेतले पाटील आहेत. कोल्बेअरचा कार्यक्रम २०२६च्या मे महिन्यात बंद होणार असं त्याच्या वाहिनीनं, सीबीएसनं, १७ जुलै २०२५ला जाहीर केलं, तर दुसऱ्या सकाळी ट्रम्प यांनी आनंद व्यक्त करून पुढचा नंबर किमेलचा असल्याचं ऐकतोय, असं लिहून टाकलं. किमेल परतला त्या संध्याकाळी, भाग दिसायच्याही आधी, त्यांनी लिहिलं की एबीसीनं याला परत घेतलं यावर विश्वास बसत नाही, याचा प्रेक्षक कधीच गेलाय. कोणाचा प्रेक्षक किती, कोणाची गुणवत्ता काय, कोणाचा करार कधी संपतो, सगळं त्यांना तोंडपाठ. जाहिरातदारांनी सोडलं, तरुणांनी सोडलं, वाहिन्यांच्या मालकांनाही हे कार्यक्रम नकोसे झाले. या एका माणसानं साथ सोडलेली नाही. इतका निष्ठावंत प्रेक्षक मिळायला कलावंताची पूर्वपुण्याई लागते.

आणि निष्ठा फळते. किमेलला एरवी बघायला बसायचे चौतीस कोटींच्या देशात सतरा-अठरा लाख. परतीच्या भागाला बसले बासष्ट लाखांवर, तेही देशातल्या जवळजवळ पावपट घरांत तो दिसतच नसताना. यूट्यूबवर दिवसभरात दीड कोटींहून जास्त. किमेलनं स्वतःही हा टोला मारून घेतला, की मला घालवायला गेले आणि लाखोंना माझ्यासमोर आणून बसवलं. जाहिरात खात्यातल्या एकालाही वीस वर्षांत जे जमलं नाही ते एका रागावलेल्या माणसानं आठवड्यात करून दाखवलं.

यातली माझी आवडती बाब वेगळीच. राजधानी वॉशिंग्टनमधलं एबीसीचं स्थानिक केंद्र सिंक्लेअरच्या मालकीचं. त्यामुळे त्या रात्री व्हाइट हाउसच्या परिसरात एबीसी लावलं तर किमेलच्या जागी बातम्या. म्हणजे ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, त्यांनाच साध्या टीव्हीवर भाग दिसायची सोय नव्हती. त्यांनाही आमच्यासारखंच फोन टेकवून बघावं लागलं असणार. खिचडी नसेल, एवढाच फरक.

आता हे पाटील काही उपरे नाहीत. या सोफ्यावर बसून गेलेले आहेत. १५ सप्टेंबर २०१६ ला, निवडणुकीच्या ऐन धामधुमीत, 'टुनाइट'च्या जिमी फॅलननं त्यांना विचारलं की तुमचे केस विस्कटून बघू का? त्यांनी डोकं पुढे केलं. फॅलननं दोन्ही हातांनी ते जगप्रसिद्ध केस भांगासकट उधळले, बँड वाजला, सगळे खूश. पुढे लोकांनी फॅलनला झोडपलं की तू या माणसाला गोजिरवाणा करून टाकलास. तारीख परत वाचा. १५ सप्टेंबर. किमेलनं ते वाक्य उच्चारलं तोही १५ सप्टेंबर, बरोबर नऊ वर्षांनी. त्या दिवशी अमेरिकेत पंचांग बघायची सोय असती तर दोघांनाही सुट्टी घ्यायला सांगितलं असतं.

सोफ्याचा मोह एकट्या ट्रम्प यांना नाही. बिल क्लिंटन १९९२ साली काळा चष्मा लावून आर्सेनिओ हॉलच्या कार्यक्रमात सॅक्सोफोन वाजवून आले आणि पाच महिन्यांनी निवडून आले. २००९ मध्ये बराक ओबामा जे लेनोच्या सोफ्यावर बसले. पदावरचा अध्यक्ष अशा कार्यक्रमात जाण्याची ती पहिलीच वेळ, आणि तिथे त्यांनी आपल्या बोलिंगच्या खेळाची थट्टा करताना दिव्यांगांच्या 'स्पेशल ऑलिम्पिक्स'चं नाव घेतलं आणि माफी मागायची पाळी ओढवून घेतली. थोडक्यात, विनोदवीरानं राजकारण केलं की पंचाईत आणि राजकारण्यानं विनोद केला की पंचाईत. तरी एकमेकांचं अंगण सुटत नाही.

किमेल परतल्यावर म्हणाला की मध्येच तोडण्याआधी मी काय सांगत होतो, तर... ही उसनी ओळ होती. मूळ मालक जॅक पार. फेब्रुवारी १९६० मध्ये त्यानं 'टुनाइट'मध्ये एक लांबलचक विनोद सांगितला. एक इंग्रज बाई परदेशात घर भाड्यानं घेणार असते आणि तिथे डब्ल्यू.सी., म्हणजे संडास, कुठे आहे अशी चौकशी पत्रानं करते. उत्तर लिहिणारे त्या अक्षरांचा अर्थ 'वेसाइड चॅपेल', म्हणजे रस्त्याकडेचं देऊळ, असा घेतात. मग घरापासून किती लांब आहे, आठवड्यातून कोणत्या दिवशी उघडं असतं, गर्दी किती होते, असं सविस्तर भाविक उत्तर. आज हा विनोद शाळेच्या संमेलनात चालेल. एनबीसीनं तो पारला न विचारता कापला. दुसऱ्या रात्री पारनं कॅमेऱ्यासमोर राजीनामा दिला, निवेदकाला एकटं सोडून चालता झाला, आणि ७ मार्चला परत येऊन शांतपणे हेच वाक्य म्हणाला. तेरा वर्षांनी, डिसेंबर १९७३ मध्ये, कार्सननं सहज एक टोमणा मारला की आता म्हणे टॉयलेट पेपरचीही टंचाई. लोकांनी दुसऱ्या दिवशी दुकानं रिकामी केली आणि टंचाई खरोखर झाली. अमेरिकी रात्रीच्या विनोदाचे हे दोन्ही ऐतिहासिक प्रसंग शौचालयातले आहेत. त्या मानानं दूरसंचार आयोग हा विषय बराच स्वच्छ म्हणायचा.

पारच्या वेळी मालकाला लाज वाटली होती. आता मालकाला भीती वाटते, आणि तीही विनोदाची नव्हे, विलीनीकरण अडकेल याची. सीबीएसची मालक कंपनी पॅरामाउंट. तिनं जुलैच्या सुरुवातीला ट्रम्प यांच्याशी चाललेला एक खटला एक कोटी साठ लाख डॉलर मोजून मिटवला. कोल्बेअरनं १४ जुलैला आपल्याच मालकाच्या या व्यवहाराला सरळ लाच म्हटलं. तीन दिवसांनी त्याचा कार्यक्रम बंद करायचा निर्णय जाहीर झाला. निव्वळ आर्थिक कारण, असं कंपनी म्हणाली. आणखी आठवड्यानं पॅरामाउंट आणि स्कायडान्सच्या विलीनीकरणाला आयोगाची मंजुरी आली. तारखा मी क्रमानं मांडल्या, एवढंच. कारण आर्थिक होतं यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

आणि गंमत अशी की आर्थिक कारण खोटंही नाही. या कार्यक्रमांच्या जाहिरातींचं उत्पन्न २०१८ मध्ये ४३ कोटी ९० लाख डॉलर होतं ते २०२४ मध्ये २२ कोटींवर आलं. निम्मं. फॅलनचा शुक्रवारचा भाग गेला, सेथ मायर्स या दुसऱ्या सूत्रसंचालकाचा तर बँडच काढून टाकला. (बँडशिवाय असा कार्यक्रम म्हणजे पाहुणा आत येताना नुसत्या बुटांचा आवाज.) कोल्बेअरचा कार्यक्रम या सगळ्यांत पहिल्या नंबरवर होता आणि तरी वर्षाला चार कोटी डॉलर तोट्यात असल्याच्या बातम्या आल्या. रागावलेल्या पाटलांना दोन-चार वर्षं धीर धरवला असता तर हे फड आपोआप मोडले असते. आता त्यांना हुतात्म्याचं कुंकू लागलं.

आपल्याकडे हा साचा शेखर सुमननं नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणला. सोनीवर 'मूव्हर्स अँड शेकर्स'. टेबल तसंच, बँड तसाच, नेत्यांवर टोलेबाजीही तशीच, आणि दुसऱ्या दिवशी लोक ऑफिसात ते टोले एकमेकांना ऐकवायचे. मराठीत 'चला हवा येऊ द्या' आणि 'हास्यजत्रा' यांनी सोफा घेतला, पाहुण्याच्या सिनेमाची जाहिरात घेतली, खळखळून हसणारे लोक घेतले. पाटील तेवढे टाळले. तिथे नवरा, बायको, सासू, चाळमालक, तिरसट साहेब, सगळ्यांची यथेच्छ टर उडवतात आणि सगळे निर्धास्त घरी जातात. शहाणी माणसं आहेत. मार्च २०२५मध्ये खारच्या हॅबिटॅट स्टुडिओत काय झालं ते त्यांनीही वाचलं असेलच. विनोदवीर कुणाल कामराच्या विडंबनगीतात नाव न घेता एक टोला होता. तो बरोबर जिथे बसायचा तिथे बसला आणि उपमुख्यमंत्र्यांच्या पक्षाचे कार्यकर्ते रात्री स्टुडिओत घुसून खुर्च्या मोडून आले. कार्यक्रमाचं चित्रण तोवर कधीच झालं होतं, कामरा तिथे नव्हता, खुर्च्यांनी काही म्हटलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी महापालिकेला त्याच जागेतलं बांधकाम बेकायदा असल्याचं एकाएकी आठवलं आणि हातोडे आले. इतकी तत्परता आम्ही आमच्या गल्लीतल्या खड्ड्यासाठी सहा पावसाळे मागतोय. आणि ते गाणं? ज्यांनी कामराचं नावही ऐकलं नव्हतं त्यांनी दोनदा ऐकलं. खाई त्याला खवखवे, आणि खवखवलं की गावभर ऐकू जातं.

या बाबतीत सगळ्या पक्षांत पूर्ण एकमत आहे, हे नोंदवून ठेवतो. टोला दुसऱ्याला बसला की विनोदबुद्धी, आपल्याला बसला की अस्मिता.

नेक्सस्टार आणि सिंक्लेअर यांनी शुक्रवारी, २६ सप्टेंबरला, किमेलला पुन्हा आपल्या केंद्रांवर घेतलं. नीतिमत्तेचा साक्षात्कार नऊ दिवस टिकला. नवरात्राएवढा.

किमेलच्या कार्यक्रमात एक जुनी खोडी आहे. भाग संपताना तो म्हणतो की अभिनेता मॅट डेमनची क्षमा मागतो, वेळ संपली, त्यांना घेता आलं नाही. मॅट डेमनला बोलावलेलंच नसतं. वर्षानुवर्षं रोज हीच क्षमा, आणि डेमनही अधूनमधून चिडल्याचं नाटक करतो. मला ही पद्धत फार सोयीची वाटली. आमच्या प्रभागातले एक माननीय, तेव्हा निवडणूकच न झाल्यानं साडेतीन वर्षं माजी असलेले, यांच्यावर दोन परिच्छेद तयार होते. त्यांचा वाढदिवसाचा फ्लेक्स, त्या फ्लेक्सखाली झाकलेला सिग्नल आणि त्या सिग्नलपाशी रोज होणारी मारामारी असा मजकूर होता. पण जागा संपली. त्यांची क्षमा मागतो.